खेळाचा तास रोज का हवा? मुलांच्या हृदयात काय घडतं ते समजून घेऊ

परीक्षा जवळ आली, गणिताचा भाग मागे राहिला, पाऊस आला किंवा मैदानावर मांडव पडला की शाळेत सगळ्यात आधी कुठला तास जातो, हे वेगळं सांगायला नको. खेळाचा तास. तो काढून घेताना कुणाला अपराधी वाटत नाही, कारण खेळ म्हणजे विरंगुळा अशी आपली समजूत आहे. त्या समजुतीच्या मागे आणखी एक समजूत दडलेली असते: हृदयाची काळजी ही चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्यांनी करायची, दहा वर्षांच्या मुलाच्या हृदयाला काय धाड भरली आहे?

ही दुसरी समजूत चुकीची आहे आणि ते बऱ्याच काळापूर्वी सिद्ध झालं आहे. कोरियाच्या युद्धात मृत्युमुखी पडलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांची हृदयं डॉक्टरांनी तपासली आणि १९५३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. या सैनिकांचं सरासरी वय होतं २२. सैन्यात भरती होण्याइतके ते धडधाकट होते. तरीही त्यांच्यातल्या सुमारे ७७ टक्के जणांच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांमध्ये रोगाच्या नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या खुणा सापडल्या. काहींच्या धमनीचं अस्तर किंचित जाड झालं होतं, तर थोड्या जणांची धमनी बरीच बुजलेली होती. बाविसाव्या वर्षी हे दिसत असेल, तर त्याची सुरुवात त्याआधी काही वर्षं झालेली असणार, हे उघड होतं.

ती सुरुवात नेमकी कधी होते, हे अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या बोगालुसा या गावाने दाखवलं. १९७३ पासून तिथल्या मुलांचं वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल नियमितपणे मोजलं जाऊ लागलं आणि ती मुलं मोठी झाल्यावरही हे मोजणं चालू राहिलं. त्यांच्यापैकी काही जण अपघातात किंवा अन्य कारणांनी अकाली गेले. अशा २ ते ३९ वर्षं वयाच्या २०४ जणांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. धमन्यांच्या आतल्या बाजूला चरबीच्या पिवळसर रेघा लहान मुलांमध्येही दिसल्या. ज्यांचं वजन, रक्तदाब आणि रक्तातली चरबी हयातीत जास्त नोंदली गेली होती, त्यांच्या धमन्यांचा जास्त भाग या रेघांनी व्यापलेला होता. पुढे २०२२ मध्ये अमेरिका, फिनलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या अशाच दीर्घ पाहण्या एकत्र करून सुमारे ३८ हजार लोकांचा हिशेब मांडला गेला. लहानपणी मोजलेलं वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड (रक्तातल्या चरबीचा एक प्रकार) आणि किशोरवयातलं धूम्रपान यांचा मोठेपणीच्या हृदयविकाराच्या झटक्याशी आणि पक्षाघाताशी थेट संबंध त्यात दिसला.

हे वाचून घाबरून जायचं कारण नाही. चरबीच्या या पहिल्या रेघा म्हणजे आजार नव्हे. त्या वाढू शकतात, तशा विरूही शकतात. त्या कुठल्या दिशेने जाणार हे ज्या गोष्टींवर ठरतं, त्यातल्या बऱ्याच बालपणात आपल्या हातात असतात आणि शरीराची रोजची हालचाल ही त्यातली फार मोठी गोष्ट आहे.

धाप लागते तेव्हा आत काय होतं

मूल पळायला लागलं की सगळ्यात आधी मागणी करतात ते पायांचे स्नायू. त्यांना प्राणवायू हवा असतो आणि तो ताबडतोब हवा असतो. शांत बसलेल्या शाळकरी मुलाचं हृदय मिनिटाला साधारण ७० ते १०० वेळा धडधडतं. जोरात पळताना हाच आकडा १८० च्या पुढे जातो आणि शेवटच्या टप्प्यात २०० च्या आसपासही पोचतो. मोठ्या माणसाला हे आकडे भीतिदायक वाटतील, पण निरोगी मुलासाठी ते अगदी नैसर्गिक आहेत. हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणारं रक्त या काळात तिप्पट-चौपट होतं.

असं रोज घडत राहिलं की काही आठवड्यांत हृदय स्वतःला बदलायला लागतं. डावा कप्पा, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणारा मुख्य कप्पा, दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात जास्त रक्त भरून घेतो आणि एका ठोक्यात जास्त रक्त बाहेर टाकतो. रक्ताचं एकूण प्रमाणही थोडं वाढतं. तेवढंच काम कमी ठोक्यांत होऊ लागतं, म्हणून नियमित खेळणाऱ्या मुलाची विश्रांतीच्या वेळची नाडी सावकाश चालते. स्नायूंमध्येही बदल होतात: तिथल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं, आलेला प्राणवायू वापरणारी पेशींमधली केंद्रं वाढतात. या सगळ्याची बेरीज म्हणजे दमसास. तो मोजण्याची शास्त्रीय पद्धत अशी, की पूर्ण ताकदीने पळताना शरीर दर मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं ते पाहायचं. या आकड्याला व्हीओटू मॅक्स म्हणतात. मुलांच्या हृदयाच्या आरोग्याबद्दल एकच आकडा सांगा असं कुणी म्हटलं, तर मी वजनाआधी हा निवडेन.

पण माझ्या मते खरी कमाल हृदयात नसून रक्तवाहिन्यांच्या भिंतीत घडते. प्रत्येक रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच पदर असतो. त्याला एंडोथेलियम म्हणतात. हा पदर इतका पातळ आहे, की पूर्वी त्याला नुसतं अस्तर समजत. प्रत्यक्षात ते एक जागरूक इंद्रिय आहे. वरून रक्त वेगाने वाहिलं की त्याचं घर्षण या पेशींना जाणवतं आणि त्या नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतात. त्या वायूमुळे रक्तवाहिनीच्या भिंतीतला स्नायू सैल पडतो, वाहिनी रुंदावते आणि रक्तदाब आटोक्यात राहतो. शिवाय याच वायूमुळे रक्त गोठवणाऱ्या चकत्या (प्लेटलेट्स) एकमेकींना चिकटत नाहीत आणि भिंतीला सूज यायलाही अटकाव होतो. शरीरात एक साधा वायू निरोप्याचं काम करतो, या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना १९९८ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं.

आता हे खेळाच्या तासाशी जोडून पाहा. मूल बाकावर बसलेलं असताना पायांतून रक्त संथ वाहतं आणि त्या पेशींना काही विशेष जाणवत नाही. मूल पळू लागतं, रक्ताचा वेग कितीतरी पटींनी वाढतो, घर्षण वाढतं आणि नायट्रिक ऑक्साइड सुटू लागतो. हे वारंवार घडलं की तो वायू तयार करणारी यंत्रणाच अधिक तत्पर होते. चरबीच्या रेघा जिथे धरतात ती हीच जागा, आणि व्यायामाने जिची डागडुजी होते तीही हीच. डागडुजी हा शब्द मी शब्दशः वापरतो आहे: अस्थिमज्जेतून निघणाऱ्या काही पेशी रक्तातून फिरत या अस्तराच्या दुरुस्तीला हातभार लावतात आणि नियमित व्यायामाने रक्तातली त्यांची संख्या वाढते.

साखर आणि चरबीचा हिशेबही इथेच लागतो. एरवी स्नायूंना रक्तातली साखर आत घेण्यासाठी इन्सुलिनची गरज असते. आकुंचन पावणारा स्नायू मात्र इन्सुलिनची वाट न पाहताही साखर उचलतो, आणि व्यायाम संपल्यावरही काही काळ तो इन्सुलिनला चांगला प्रतिसाद देत राहतो. रक्तातली ट्रायग्लिसराइडं फोडून वापरायला घेणारं विकरही हालचालीने जोमाने कामाला लागतं आणि दीर्घकाळ बसून राहिलं की मंदावतं.

या प्रतिसादाला मुदत असते. स्नायूंची इन्सुलिनबद्दलची ही वाढलेली संवेदना फार तर एक-दोन दिवस टिकते, मग ओसरते. म्हणून रोज हा शब्द महत्त्वाचा आहे. शनिवारी तीन तास दमवलं म्हणून पुढचे सहा दिवस भागत नाहीत.

शरीर हालचाल किती लवकर विसरतं, याचं एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. ते मोठ्यांचं आहे, पण इथे सांगण्यासारखं आहे. १९६६ साली अमेरिकेत डॅलस इथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात पडून राहायला सांगितलं. त्यांचा दमसास झपाट्याने घसरला. तीस वर्षांनी, पन्नाशीत आल्यावर, त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांच्या दमसासाचं जेवढं नुकसान केलं, त्याहून जास्त नुकसान त्या तीन आठवड्यांनी केलं होतं.

किती हालचाल पुरेशी?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सुधारित शिफारस जाहीर केली. ५ ते १७ वयाच्या मुलामुलींनी आठवड्याच्या सरासरीने रोज किमान ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल करावी, त्यातली बहुतेक दम वाढवणारी असावी. आठवड्यातून किमान तीन दिवस जोरदार हालचाल आणि स्नायू व हाडं बळकट करणारे व्यायाम असावेत. आधीच्या, २०१० च्या शिफारशीत रोज किमान ६० मिनिटं असं म्हटलं होतं. आता रोजची सरासरी म्हटलं आहे. एखादा दिवस कमी पडला म्हणून सगळं वाया गेलं असं होत नाही, हे त्यातून स्पष्ट होतं.

मध्यम आणि जोरदार ओळखायला यंत्र लागत नाही. मूल बोलू शकतंय पण गाणं म्हणू शकत नाही, तर हालचाल मध्यम. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागतंय, तर ती जोरदार. रमतगमत चालणं या दोन्हींत बसत नाही. ते चांगलंच आहे, पण हृदयाला त्यातून फारसं आव्हान मिळत नाही.

साठ मिनिटं सलग हवीत असंही नाही. मुलांची हालचाल मुळात तशी नसतेच. १९९५ साली ६ ते १० वर्षांच्या मुलांची हालचाल काही सेकंदांच्या अंतराने नोंदवण्यात आली, तेव्हा दिसलं की त्यांचे जोरदार हालचालीचे झटके बहुतेकदा जेमतेम तीन सेकंदांचे असतात आणि ९५ टक्के झटके १५ सेकंदांच्या आत संपतात. पळणं, थांबणं, वाकणं, पुन्हा पळणं. लहान मुलाला मैदानाभोवती एकसुरी फेऱ्या मारायला लावणं हे मोठ्यांच्या व्यायामाची नक्कल आहे. पकडापकडी, चेंडूमागे धावणं, दोरीच्या उड्या यांत तेच काम मुलाच्या स्वभावाला धरून होतं. लहान इयत्तांसाठी मी डोळे झाकून खेळ निवडेन. सलग धावण्याची गोडी साधारण अकरा-बारा वर्षांनंतर लावता येते, तीही सगळ्यांना नाही.

प्रत्यक्षात किती मुलं एवढी हालचाल करतात? १४६ देशांतल्या ११ ते १७ वयाच्या सुमारे १६ लाख विद्यार्थ्यांची माहिती एकत्र करून जागतिक आरोग्य संघटनेने अंदाज काढला, की २०१६ साली ८१ टक्के किशोरवयीन मुलं रोजच्या ६० मिनिटांपर्यंत पोचत नव्हती. मुलग्यांमध्ये हे प्रमाण ७८ टक्के होतं, मुलींमध्ये ८५ टक्के. हे श्रीमंत देशांचं दुखणं आहे असंही नाही. जवळजवळ सगळीकडे हीच स्थिती होती.

शाळाच का?

घरी व्यायाम होईल की नाही हे घरावर अवलंबून असतं. कुणाच्या घराजवळ मोकळी जागा असते, कुणाच्या नसते. कुणाचे आईवडील मैदानावर सोडायला-आणायला मोकळे असतात, कुणाचे रात्री उशिरा घरी येतात. खेळाचे वर्ग पैसे मागतात. मुलींना संध्याकाळी बाहेर पाठवावं का, इथपासून प्रश्न सुरू होतात. हे सगळे भेद शाळेच्या फाटकाच्या आत बऱ्याच प्रमाणात मिटवता येतात. सगळी मुलं जिथे रोज काही तास हमखास हजर असतात, अशी शाळेखेरीज दुसरी जागा नाही. म्हणून शाळेने खेळाचा तास गिळला, तर ज्या मुलाला त्याची सगळ्यात जास्त गरज आहे त्याचं सगळ्यात जास्त नुकसान होतं, आणि मला ही गोष्ट अन्यायाची वाटते.

शाळेत रोज व्यायाम दिला तर खरंच फरक पडतो का, हे तपासलं गेलं आहे. जर्मनीतल्या लाइपझिग शहरात सहावीच्या सात वर्गांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी केली. काही वर्गांना रोज खेळाचा तास दिला आणि त्यात किमान १५ मिनिटं दम वाढवणारा व्यायाम बंधनकारक केला. बाकीच्या वर्गांत आठवड्याला दोन तास ही नेहमीची पद्धत ठेवली. २००९ साली निष्कर्ष आले. एका वर्षात रोज खेळणाऱ्या वर्गांचा व्हीओटू मॅक्स इतरांच्या तुलनेत दर किलो वजनामागे, दर मिनिटाला ३.७ मिलिलिटरने अधिक वाढला होता. रक्तवाहिन्यांच्या दुरुस्तीला मदत करणाऱ्या ज्या पेशींचा उल्लेख वर आला, त्यांची रक्तातली संख्याही वाढलेली होती. अकरा-बारा वर्षांच्या निरोगी मुलांच्या रक्तात, फक्त शाळेचं वेळापत्रक बदलल्याने, हा बदल दिसला.

स्वित्झर्लंडमध्ये १५ शाळांतल्या सुमारे ५०० मुलांवर असाच प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. पहिलीच्या आणि पाचवीच्या मुलांना आठवड्यातल्या तीन तासांच्या जोडीला आणखी दोन तास दिले, म्हणजे खेळाचा तास रोजचा झाला. इतर तासांच्या मधे काही मिनिटांच्या हालचालीच्या सुट्ट्या आणि हालचालीचा गृहपाठही दिला. वर्षअखेरीस मुलांची चरबी कमी झाली, दमसास वाढला आणि हृदयविकाराच्या धोक्याचा एकत्रित गुणांक सुधारला. मग कार्यक्रम थांबला. तीन वर्षांनी पुन्हा मोजलं तेव्हा दमसासातला फायदा काही अंशी टिकून होता, बाकीचे बहुतेक फायदे विरले होते. हा निष्कर्ष मला पहिल्या निष्कर्षाइतकाच मोलाचा वाटतो. एखाद्या वर्षाची मोहीम राबवून भागत नाही.

कमी साधनांत काय करता येतं, याचं उदाहरण स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगचं. २०१२ साली तिथल्या एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका एलेन वायली यांनी एक साधी पद्धत सुरू केली: रोज पंधरा मिनिटं सगळा वर्ग बाहेर पडतो आणि आपापल्या गतीने पळतो किंवा चालतो. गणवेश बदलायचा नाही, शर्यत नाही, नंबर नाहीत. ही पद्धत ‘डेली माइल’ या नावाने अनेक देशांत पसरली. दोन शाळांची तुलना करणाऱ्या २०१८ च्या अभ्यासात, ही पद्धत पाळणाऱ्या शाळेतल्या मुलांची मध्यम ते जोरदार हालचाल दुसऱ्या शाळेच्या तुलनेत दिवसाला सुमारे ९ मिनिटांनी वाढलेली आणि बसून राहण्याचा वेळ सुमारे १८ मिनिटांनी घटलेला दिसला. दोनच शाळा आणि चिठ्ठ्या न टाकता केलेली निवड, त्यामुळे या आकड्यांवर फार मोठी इमारत बांधू नये. पण पंधरा मिनिटं आणि एक मोकळी वाट एवढ्यावर हे जमतं, ही गोष्ट कुठल्याही मुख्याध्यापकाने ध्यानात घ्यावी अशी आहे.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. शाळांमधल्या अशा प्रयोगांचा सगळ्यात मोठा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०२१ मध्ये घेतला. त्यात ८९ अभ्यास होते आणि ६६ हजारांहून अधिक मुलं. सरासरी काढल्यावर दिसलं, की दिवसभरातली मध्यम ते जोरदार हालचाल एका मिनिटानेही वाढली नव्हती. दमसासात थोडी सुधारणा होती, वजनावर नगण्य परिणाम. म्हणजे हे सगळं फोल आहे का? मला तसं वाटत नाही. या ८९ अभ्यासांत सगळं एकत्र आलेलं आहे: रोज तास देणारे कार्यक्रम, आणि व्यायामाचं महत्त्व सांगणारी व्याख्यानं व भित्तिपत्रकंही. लाइपझिगमध्ये आणि स्वित्झर्लंडमध्ये वेळापत्रकात प्रत्यक्ष मिनिटं वाढली होती. जिथे मिनिटं वाढत नाहीत तिथे हृदयापर्यंत काही पोचायला मार्गच नाही. या आढाव्याचा मी घेतलेला अर्थ असा: शाळेत काहीतरी उपक्रम चालू आहे, एवढ्यावर पालकांनी समाधान मानू नये. मूल रोज किती मिनिटं धापतं, हे विचारावं.

तास असतो, पण मूल हलतं किती?

हा प्रश्न विचारला की बऱ्याच शाळांचं पितळ उघडं पडतं. चाळीस मिनिटांच्या तासातली पाच-सात मिनिटं मैदानावर पोचण्यात जातात, तेवढीच परत येण्यात. हजेरी होते. रांगा लागतात. मग तीस मुलांमध्ये एक चेंडू येतो आणि पंचवीस जण आपली पाळी येण्याची वाट बघत उभे राहतात. प्राथमिक शाळांच्या खेळाच्या तासांची हालचालमापक लावून मोजणी झाली आहे. मध्यम ते जोरदार हालचाल सरासरी तासाच्या निम्म्याहून कमी वेळ होते असं दिसतं. निम्मा वेळ तरी मूल हलतं असावं, ही अपेक्षा तज्ज्ञांनी कधीच मांडून ठेवली आहे.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे बाद करणारे खेळ. जो हळू पळतो तो आधी बाद होतो आणि उरलेला वेळ कडेला बसतो. म्हणजे ज्याचा दमसास कमी, त्यालाच व्यायाम कमी. यावर उपाय अवघड नाही. बाद झालेल्याने ठरावीक उड्या मारून पुन्हा खेळात यायचं. एका मोठ्या संघाऐवजी चार-चारांचे छोटे संघ करायचे, चेंडू जास्त ठेवायचे, रांग तीनपेक्षा लांब होऊ द्यायची नाही. जिंकण्याची स्पर्धा कधीतरी चांगलीच, पण रोजच्या तासात मुलाची तुलना त्याच्या मागच्या महिन्याच्या स्वतःशी व्हावी.

शिक्षा म्हणून मैदानाच्या फेऱ्या मारायला लावणं तर तात्काळ थांबवायला हवं. पळणं म्हणजे शिक्षा, हे ज्याच्या मनावर आठव्या वर्षी कोरलं गेलं, तो अठराव्या वर्षी स्वतःहून कशाला पळेल? उलट प्रकारही तितकाच वाईट: गृहपाठ केला नाही म्हणून मधली सुट्टी बंद. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्येच स्पष्ट भूमिका घेतली, की शिक्षा म्हणून किंवा अभ्यासासाठी मुलांची सुट्टी काढून घेऊ नये.

मुलींचा विचार वेगळा करावा लागतो. वयात येण्याच्या सुमारास त्यांची हालचाल झपाट्याने कमी होते. त्यामागे शरीरापेक्षा परिस्थिती जास्त असते: पळायला अडचणीचा गणवेश, कपडे बदलायला आडोसा नाही, स्वच्छतागृह नीट नाही, पाळीच्या दिवसांत कुणाला सांगायचं हा संकोच, आणि मैदान मुलग्यांनी व्यापलेलं. या प्रत्येक गोष्टीवर शाळेला उपाय करता येतो. मैदानाच्या वेळा वाटून देता येतात, खेळायला सोयीचा गणवेश ठेवता येतो, आणि काय खेळायचं हे मुलींनाच विचारता येतं. नाच हाही हृदयासाठी पूर्ण व्यायाम आहे, हे इथे आवर्जून सांगतो.

अभ्यासाचं नुकसान होईल ही भीती पालक आणि शिक्षक दोघांनाही असते. तिचं उत्तर थोडक्यात देता येतं. १९७० च्या दशकात कॅनडातल्या क्युबेक प्रांतात त्र्वा-रिव्हिएर भागातल्या प्राथमिक शाळांत रोज एक तास व्यायाम दिला गेला आणि त्यासाठी इतर विषयांचा वेळ कापला. मुलांचे गुण घटले नाहीत. २०१० साली अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने अशा ५० अभ्यासांचा आढावा घेतला, त्यातल्या निम्म्या निष्कर्षांत अभ्यासाला फायदा दिसला, जवळपास उरलेल्या निम्म्यांत काही फरक दिसला नाही. नुकसान दाखवणारे निष्कर्ष दीड टक्का होते.

वजनाच्या काट्यावर फार विसंबू नका

पालकांची एक निराशा वारंवार दिसते. मूल सहा महिने नियमित खेळलं, पण वजन तेवढंच राहिलं, मग काय उपयोग झाला? उपयोग झालेला असतो. वजन न घटताही रक्तदाब, इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद, रक्तवाहिन्यांच्या अस्तराची तत्परता आणि दमसास सुधारू शकतात. शिवाय मूल वाढतं आहे. उंची, हाडं आणि स्नायू यांचं वजन वाढलंच पाहिजे. दिसायला सडपातळ पण दिवसभर बसून असलेल्या मुलालाही रोजच्या हालचालीची तेवढीच गरज असते, आणि नेमकं तेच मूल सगळ्यांच्या नजरेतून सुटतं. शाळेत वर्गासमोर वजन करून आकडा मोठ्याने वाचण्याने कुणाचंही हृदय सुधारत नाही. ज्या मुलाला लाज वाटली, ते पुढच्या तासाला पोट दुखतंय म्हणून वर्गात बसून राहतं. त्याऐवजी दर दोन-तीन महिन्यांनी मुलांनी स्वतःची नाडी स्वतः मोजावी: पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं, एकदा शांत बसून आणि एकदा पळून आल्यावर दोन मिनिटांनी. पळण्यानंतर नाडी पूर्वीपेक्षा लवकर खाली येऊ लागली, तर दमसास वाढतो आहे असं समजायला हरकत नाही. मुलांना हे मोजायला आवडतंही.

कुठे थांबायचं, कुणाला विचारायचं

बहुतांश मुलांना रोजच्या खेळासाठी कुठल्याही तपासणीची गरज नसते. काही खुणा मात्र शिक्षकांना आणि पालकांना पाठ असाव्यात. पळता पळता मूल चक्कर येऊन पडलं, श्रम करताना छातीत दुखलं, छातीत विचित्र धडधड जाणवली, किंवा बरोबरीच्या मुलांपेक्षा त्याला फारच लवकर धाप लागू लागली, तर ते मूल आळशी आहे असं म्हणू नये. खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवावं. कुटुंबात कुणी पन्नाशीच्या आत अचानक, कारण न कळता दगावलं असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावं. अंगात ताप असताना खेळायला पाठवू नये, कारण काही विषाणूंमुळे हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते आणि अशा वेळी श्रम धोक्याचे ठरतात. उन्हाच्या दिवसांत तास सकाळी घ्यावा, पाणी जवळ असावं. मूल कोसळलं तर छातीवर दाब देऊन प्राथमिक उपचार करता येतील असे दोघे-तिघे तरी शाळेत हवेत. असे प्रसंग फार विरळ असतात, पण आले तर पहिली काही मिनिटंच निर्णायक ठरतात.

राहिली ती आधीपासूनच हृदयाचा दोष असलेली मुलं. दमा असलेलीही. यांना खेळाच्या तासाला सरसकट वर्गात बसवून ठेवलं जातं आणि त्यामागे सगळ्यांचा हेतू चांगला असतो. पण जन्मजात हृदयदोष असलेल्या बहुतेक मुलांनी हालचाल करावी, त्यांना ती करायला उत्तेजन द्यावं, अशी भूमिका अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१३ साली सविस्तर मांडली आहे. शस्त्रक्रिया झालेल्या मुलाला तर पुढच्या आयुष्यात मजबूत हृदयाची गरज इतरांपेक्षा जास्त असते. काही ठरावीक दोषांत जोरदार श्रम वा स्पर्धा खरोखरच टाळाव्या लागतात, म्हणून हा निर्णय हृदयतज्ज्ञाचाच. पालकांनी डॉक्टरांकडून चिठ्ठी घेताना ‘व्यायाम वर्ज्य’ एवढ्या दोन शब्दांवर परत येऊ नये. या मुलाने काय करावं, किती वेळ करावं, दमल्यावर स्वतःहून थांबायची मुभा कशी असावी आणि नेमकं काय टाळावं, हे त्या चिठ्ठीत लिहून मागावं आणि तिची एक प्रत खेळाच्या शिक्षकांच्या हाती द्यावी.